मार्गाचा रकाना

सिस्टर मालवीयनं वहीत चार रकाने आखून दिले:
वेळ, औषध, मात्रा, मार्ग.
पहिले तीन कळले. मार्ग म्हणजे?
"भिया, दवा अंदर जाएगी किधर से?"

रामबागेतल्या त्या दोन खोल्यांत
मी अकरा वर्षं पाय ठेवला नव्हता.
टोकेकरांनी आतून कडी लावली ती सुनीतीनं माझं आडनाव लावलं त्या दिवशी.
काढली ती त्यांनी नव्हे,
पक्षाघातानं.
सुनीतीची बँक दहा ते सहा, माझं दुकान बंद पडलेलं,
म्हणून मी.

पहिल्या सकाळी सिरप चमच्यानं दिलं.
ते तोंडाच्या चालत्या कोपऱ्यातून म्हणाले,
"चमचा हे माप नव्हे."
एकतीस वर्षं मिलच्या वजनकाट्यावर बसलेला माणूस.
एवढ्या काळातलं माझ्याशी पहिलं वाक्य.
मी रेघांची टोपी शोधली, डोळ्यांच्या उंचीला धरली.
त्यांनीही वाकून पाहिलं. पाच.
मग तोंड उघडलं.

पिवळी गोळी घशाखाली जाईना, मी खलबत्ता काढला.
दवा बाजारातला पोरगा फोनवर ओरडलाच:
"अंकल, कुटू नका! तिला कवच आहे,
पोटातलं आम्ल ओलांडून पुढे विरघळायची आहे ती.
जात नसेल तर डॉक्टरांकडून दुसरी लिहून आणा."
वहीच्या समासात मी लिहिलं: कवच फोडू नये.
लिहिताना टोकेकरांकडे पाहिलं नाही.

छातीत दाटलं तर जिभेखाली.
आधी बसवायचं, मगच गोळी, उभ्या माणसाला भोवळ येते.
गिळायची नाही, वर पाणी नाही.
ती विरघळेपर्यंत त्यांना बोलता येत नसे
आणि मला सुचत नसे.
पंखा कुरकुरायचा.
आमचं सगळ्यात चांगलं जमायचं ते तेव्हा.

डोळ्याची खालची पापणी ओढून खिसा करायचा,
थेंब त्यात, बाटलीचं टोक कुठे टेकू न देता;
मग नाकालगतचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा.
इतक्या जवळून मी माझ्या बापालाही पाहिलं नव्हतं.
भुवईत एक जुना व्रण आहे. विचारला नाही.

मग ती श्रावणातली रात्र.
ताप एकशे तीन, पोटात काही ठरेना,
पाणी उलटलं, गोळी उलटली, सुनीती भोपाळला.
सिस्टर फोनवर: "फ्रिज में वो बत्ती रखी है न? वही."
मी म्हटलं, ते मला करू देणार नाहीत.
"बुखार को बता दो भिया, कि शर्म आती है."

डाव्या कुशीवर वळवलं. वरचा गुडघा पोटाशी.
हातमोजा. मेणासारखी गार वस्तू.
दिवा मालवावा असं वाटलं, पण मालवला नाही,
दिसायला हवं होतं.
"श्वास सोडा," मी म्हणालो.
त्यांनी भिंतीकडे तोंड करून श्वास सोडला,
आणि तसेच, भिंतीलाच, म्हणाले,
"हात धुवा. साबणानं."
पाहुण्याला सांगावं तसं. अहोजाहो.

पहाटे चारला कपाळ ओलं झालं.
पाचला त्यांनी शेव मागितली.
हनुवटी खाली घेऊन दोन घोट पाणी मिळालं.

रोज रात्री ते वही तपासतात.
उजव्या हाताच्या थरथरत्या पेननं प्रत्येक ओळीपुढे सही,
जशी कापसाच्या गाठींपुढे करत असतील.
मी राहून गेलेली वेळ सापडली की खूण करतात, बोलत नाहीत.

परवा आठची रक्तदाबाची गोळी लिहिताना
मार्ग कोरा राहिला माझ्याकडून.
सकाळी वही उघडली तर त्या रकान्यात
वेडीवाकडी, ओळीबाहेर गेलेली अक्षरं:
दौलतच्या हातून.

मी बराच वेळ बसून राहिलो.
मग शेजारी नीट लिहिलं,
तोंडाने, पाण्यासोबत.
उद्या सिस्टर बघेल वही.
त्यांचं खोडलं नाही.