हात नसलेली

कोरण्याआधी हाल्वरनं तिला विचारलं होतं म्हणे,
"हात कसे हवेत? छातीशी जोडलेले, की पुढे केलेले?"
लाकूड बोलत नाही, पण तो शपथेवर सांगायचा, ती बोलली:
"हात नकोत. खांद्यावरून उतरणारी माझी रेघ बिघडेल."
त्यानं खांदे तासून गुळगुळीत केले, मानेला बाक दिला,
ओठांना बर्गनहून मागवलेला लाल, केसांना सोन्याचा वर्ख,
आणि तीन बोल्ट ठोकून जहाजाच्या नाकाडावर बसवली.
सगळ्यांच्या पुढे.

पुढे असणाऱ्याला वाटतंच, आपणच ओढतोय.
शिडं, वारा, अठरा खलाशी, सगळे तिच्या मागून येणारे.
बंदरात पाणी थांबलं की ती खाली बघायची
आणि पाण्यातली ती वर.
त्या दोघींचं तिसऱ्या कुणाशी जमलं नाही.

दर वसंतात आइल्फ नावाचा पोऱ्या
दोरीला लोंबकळून तिला रंगवायचा.
बारा वर्षांचा, नाक गळतंय, बोटं निळी.
हनुवटीवर एक थेंब ओघळला
तर तिला तो वर्षभर सलायचा.
बोटं तिनं पाहिली नाहीत.

मग ती रात्र, तो खडक. जहाज बिस्किटासारखं मोडलं.
ती सुटून तरंगत राहिली.
आइल्फनं येऊन तिच्या गळ्याला मिठी मारली.
वर्ख खरवडतोय हा, हेच तिच्या मनात आधी आलं.
(लपवत नाही. गोष्ट अशीच आहे.)
मग त्याचा एक हात सुटला,
थोड्या वेळानं दुसरा,
आणि जन्मात पहिल्यांदा
तिला कुणाला हात द्यावासा वाटला.

पाणकावळ्यांच्या त्या बेटावर औषधालाही झाड नाही.
दलदलीतली माती कापून, वाळवून जाळतात.
मारितनं तिला किनाऱ्यावरून फरफटत आणलं,
चुलीशेजारी उभं केलं. नऊ वर्षं.
रंगाचे पोपडे गेले, नाक धुरानं काळवंडलं,
एका खांद्यावर ओले मोजे, दुसऱ्यावर जाळं.
मारित तिच्याशी बोलायची: मेंढी, गुडघा, बुडालेला नवरा.
ऐकण्यावाचून तिला दुसरा उद्योग नव्हता.
हळूहळू ती ऐकायलाही लागली.

सूर्य दोन महिने रजेवर असतो तेव्हाचं हे.
वादळात मासे वाळवायच्या मांडवाखाली
मारितला एक पोर सापडली, लाकडासारखी ताठ.
सुन्निवा, व्यापाऱ्याची लेक.
उन्हाळ्यात हिनंच मारितच्या ठिगळांची
सगळ्या धक्क्यावर टिंगल केली होती.
मारितनं तो चांदीच्या बटणांचा कोट उतरवला,
पोरीला मेंढीला टेकवून निजवलं.
माती संपली. बाक जाळला. वल्ही जाळली.
मग कुऱ्हाड घेऊन ती चुलीशेजारी आली
आणि बराच वेळ नुसतीच उभी राहिली.
"बाई गं, मग मी बोलू कुणाशी?"

ती मान हलवून हो म्हणाली, असं काही जण सांगतात.
लाकूड तडकलं असेल.
पण पेटली ती खांद्यांपासून, एवढं खरं:
दोन्हीकडून दोन लांब ज्वाळा निघाल्या,
पोरीकडे वाकल्या,
आणि पहाटेपर्यंत तशाच पुढे राहिल्या.

शुद्धीवर आल्यावर सुन्निवा पहिलं वाक्य बोलली:
"माझी बटणं कुठायत?"
मारितनं मोजून दिली. सहा.
देताना पोरीला तिच्या तळहातावरचे फोड दिसले.
ती पुढे सुधारली का, मला ठाऊक नाही.
कोटावर नंतर पाचच बटणं होती म्हणतात;
कुणी सांगतं दिलं, कुणी सांगतं हरवलं.

राखेत तीन बोल्ट सापडले.
मारितनं ते जाळ्याला वजन म्हणून बांधले.
जाळं जड लागलं की अजूनही
ती खाली पाण्यात बघून म्हणते,
ओढ गं.