फक्की

सहा वाजता दोरी ताणतो मी,
एक टोक खिळ्याला, दुसरं पायाच्या अंगठ्याला.
सव्वीस वर्षांत दोरी चारदा बदलली, खिळा तोच.
पगाराच्या कागदावर शिपाई.
वेखंडे सर म्हणतात, हसूराम,
तुझ्या रेषेवरून मुंगीसुद्धा वाकडी जायची नाही.

करावे गावाच्या या टोकाला
आमचं बारकं कॉलेज, कॉमर्सचे दोन वर्ग,
आणि हे मैदान.
तिन्ही बाजूंनी टॉवर उठले तेव्हा
सराव थांबवून वर बघितलं होतं आम्ही,
एकदाच.

जूनपासून प्रवेश बंद.
नोटीस काचेच्या पेटीत मीच लावली,
चार टाचण्या, सरळ.
'कायमस्वरूपी' हा शब्द मध्येच तुटला होता,
'कायम' वरच्या ओळीत, 'स्वरूपी' खाली.
पोरी वरचीच ओळ मोठ्याने वाचत होत्या,
पुन्हा पुन्हा.

खो-खोला नऊ लागतात.
हर्षाली केणी, दक्षता भोईर, दोघी तांडेल,
नाझमीन, सुगंधा राठोड,
आली तर आली अशी वृषाली,
आणि गुडघ्याला पट्टा बांधून प्रांजल.
"आमी आठच हाव, काका."
मी काय बोलणार?
पंचांनी चष्मा पुसला, नियमांचं पुस्तक चाळलं,
मग ते मिटून म्हणाले, उतरा.

पाहुण्या वाशीच्या. बूट एकसारखे,
पाण्याच्या बाटल्यासुद्धा एकसारख्या.
आमच्या मधल्या पाटीवर सात पाठी,
एकीचं तोंड खाडीकडे, एकीचं टॉवरकडे,
आणि पाचव्या चौकोनात कोणी नाही.
तोही मी तेवढाच ठळक आखला होता.

दुसऱ्या डावात हर्षाली धावत आली,
पुढची हूल देऊन पलीकडे सटकली,
आणि सवयीनं, वाकून, हात लांब करून
हर्षालीनं त्या रिकाम्या चौकोनाला
खो दिला.
चांगला खणखणीत.
पाहुण्यांच्या बाकावर हशा पिकला.
आमच्या पोरीही हसल्या,
प्रांजल तर पोट धरून.
मी कडेला खुर्चीवर होतो.
उठून उभा कधी राहिलो, कळलं नाही.
मग उगाच पाण्याचा पिंप बघून आलो.

हरलो. चार गुणांनी.
सूर मारताना दक्षताचं कोपर सोललं,
रक्तात फक्की बसली, 
ती धुऊ देईना.
सरांनी सगळ्यांना वडापाव आणला,
स्वतः खाल्ला नाही, गाडीवाल्याकडून पावती मात्र घेतली,
आणि कुणाकडे लावायची ही, म्हणत
खिशात ठेवली.

मंगळवारी मोजणीवाले आले,
तिघं, तिपाईवर यंत्र.
त्यांची फक्की कमी पडली.
"काका, थोडी मिळंल का?"
अर्धं पोतं होतं माझ्याकडे,
सामानाच्या खोलीत, गंजलेल्या गोळ्याशेजारी.
नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं.
पण त्यातलं एक पोरगं
दोरी इतकी ढिली धरून उभं होतं
की बघवेना.
"अरे, अंगठ्याखाली दाब," मी म्हटलं,
"आणि खिळा तिकडं आहे."