आवक

पाटी आधी रंगली.
दिगंबर पेंटरने अक्षराला चाळीस रुपये घेतले,
टिंबाचेही घेतले.
"डॉट म्हणजे अक्षरच की, भाभी."
चौकशी ॲट सोलकरपंखे डॉट इन,
निळ्यावर पिवळं, जेटीवरून वाचता येईल एवढं.
मुनाफ म्हणाला, जीमेल काय वाईट होतं?
मी म्हटलं, दुसऱ्याच्या ओट्यावर बसून
धंदा किती वर्षं करायचा.

बिलं त्याच पत्त्यावरून जायला लागली.
जयगडला, हर्णैला, एक थेट वेरावळला.
जावक उत्तम.
आवक शून्य.
हंगामाची गडबड, कोण कशाला उत्तर देतोय,
असं मनाला सांगत राहिले,
तोवर वेरावळच्या शेठचा फोन:
बेन, तुमचा पत्ता खोटा आहे. मेल जातच नाही.

खोटा.
चाळीस रुपये अक्षराने.

रात्री भट्टी विझल्यावर
पितळेच्या वासात फोनचं हॉटस्पॉट लावून बसले.
डोमेनच्या तक्त्यात नावापुढे आकडे होते,
लांबच्या कुठल्याशा मशीनचे,
म्हणून वेबसाइट दिसत होती, पंख्यांच्या फोटोंसकट.
एमएक्सची ओळ नव्हतीच.
जगाला दुकान दिसत होतं,
पत्र कुठे टाकायचं ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

मिरकरवाड्यात वाढलेल्या बाईला
हे समजायला वेळ लागायला नको होता.
तोंडाशी गाळ साचला
की रिकामी लाँच निघून जाते,
भरलेली आत येताना टेकते.

ओळ भरली. प्राधान्य दहा.
खाली आणखी एक, प्राधान्य वीस,
पहिल्या धक्क्याला जागा नसली तर.
सेव्ह.
माझ्या जुन्या जीमेलवरून मीच मला लिहिलं: "आली का?"

नाही आली.
दुसऱ्या दिवशीही नाही.

मग मदतीच्या नंबरवरचा एक मुलगा,
आवाजावरून मिसरूड न फुटलेला:
"मॅडम, नावाच्या शेवटी टिंब दिलंय?"
नव्हतं दिलं.
म्हणून त्यांच्या सर्व्हरच्या नावामागे
आमचंच नाव आपोआप चिकटत होतं,
आणि आलेलं प्रत्येक पत्र
नकाशात नसलेल्या बंदराकडे वळत होतं.
दिगंबर बरोबर होता. टिंबाचे पैसे होतात.

"बदल पोचायला तासभर लागेल, कधी जास्तही."
भरतीला अजून चार तास होते.
बाहेर दिवे लावून पाच-सहा लाँचा थांबलेल्या.
त्या आणि मी.

अजान झाली तेव्हा पहिली आली. माझीच.
"आली का?" एकदा नाही, तीनदा.
पाठोपाठ कोणीतरी, स्वस्तात वेबसाइट करून देणारा.
आणि मग साखरीनाट्याच्या लतीफ भाटकरची, सोमवारची,
तीन दिवस कुठल्याशा रांगेत उभी राहून
पुन्हा पुन्हा कडी वाजवत राहिलेली:
"छत्तीस इंची, चार पात्यांचा. एक पातं वाकलंय.
बुधवारपर्यंत कळवा, नाहीतर मालवणला देतो."

आज गुरुवार.

फोन करता आला असता, नंबर खाली होता.
पण मी लिहिलं.
इथून गेलेल्याला तिथून काही येतं का,
मला तेवढंच बघायचं होतं.

साडेनऊला आलं.
"पंखा मालवणला गेला. पुढच्या वेळी बघू.
पत्ता तुमच्या पाटीवरून घेतला होता. अक्षर चांगलं आहे."

मुनाफला वाचून दाखवलं.
पातं घासता घासता तो थांबला.
"म्हणजे काम गेलं."
गेलं, मी म्हटलं,
आणि खणातली लांब वही काढली,
जावकच्या बाजूने पानंच्या पानं भरलेली.
समोरच्या कोऱ्या रकान्यात तारीख घातली.
क्रमांक एक.
लतीफ भाटकर, साखरीनाटे.
विषय: नकार.