गुणलेखक

चौथी मॅचही मारली बोपोडीच्या पोरींनी.
टेबलावर गुण लिहिणारा मी,
दोनदा बेरीज केली. अकराचा फरक.

टिळक रोडचे जाणकार चहा फुंकत म्हणाले,
‘ड्रॉ सोपा पडला हो त्यांना.’
खरंच आहे. एका संघाची तर बसच
खंबाटकीत बंद पडली होती.

पण तिसऱ्या क्वार्टरला
आफ्रिन बागवानने चेंडू धरून ठेवला,
घड्याळात चार, तीन,
आणि जिकडे दिला तिकडे बघितलंसुद्धा नाही.
तिथे खिलारेंची ऋतुजा होतीच.
हे काही ड्रॉमध्ये निघत नाही.

उद्या समोर डेक्कनचा क्लब.
सहा फुटी सेंटर, बर्फाची पेटी, फिजिओ,
बाकावर बसायलाच सात जणी.
आपल्याकडे सगळ्या मिळून सात,
त्यात एकीचा घोटा वांग्याएवढा,
आणि धुमाळ सरांना कारखान्यातून
अर्ध्याच दिवसाची रजा.

‘जिंकतील का हो?’
बायको दिवा मालवताना विचारते.
मला काय विचारतेस, मी लिहिणारा.

उद्याचा तक्ता आखून ठेवलाय,
दोन्हीकडे सारख्याच चौकटी, कोऱ्या.
बोपोडीचं नाव जरा ठसठशीत उमटलंय,
पेनाचा दोष.