कुणी नाही, नोई

पहिला प्रयोग एकोणपन्नास साली,
कारूच्या माळावर, फाल्क्लूफच्या चर्चच्या हॉलमध्ये.
नाटक लिहिलं पोस्टमास्तर ओकर्ट स्टेनेकाम्प यांनी,
तारेच्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर,
म्हणून वाक्यं तोकडी,
शब्दाशब्दाला पैसे पडावेत तशी.

पात्रं अकरा. अकरावं:
‘स्वयंपाकघरातली मुलगी. वय कितीही.’
दुसऱ्या अंकात मालकीणबाई विचारतात,
“कोण आहे तिकडे?”
मुलगी म्हणते, “कुणी नाही, नोई.”
संपलं काम.

ते केलं दंतवैद्याच्या बायकोनं,
बूच जाळून तोंडाला फासून.
लोक इतके हसले की पुढची दोन वाक्यं बुडाली.
खिडकीपलीकडे माझी आई, सिबेला,
मध्यंतराचे कप विसळत होती.
अख्खं नाटक तिनं कानांनी पाहिलं.
त्या वाक्याला, ती सांगायची,
पाणी जरा जास्तच गरम लागलं.

मग दौरा, मेंढ्यांच्या लॉरीतून.
लेन्सबर्गच्या अलीकडे अॅक्सल मोडला, ड्रायव्हरचा पायही.
नेपथ्यातला दरवाजा काढून त्यावर त्याला नेला.
तेव्हापासून तो दरवाजा
कुठल्याच चौकटीत नीट बसला नाही.

ब्लूमफाँटेन, एकसष्ट. मखमली पडदा.
दिग्दर्शक हॉलंडला शिकून आलेला.
त्यानं मुलगीच कापली.
मालकीणबाई विचारायच्या, “कोण आहे तिकडे?”
आणि उत्तर यायचं नाही.
समीक्षकांनी त्या शांततेवर दोन-दोन रकाने लिहिले.

शहात्तरच्या जूनमध्ये
ह्याच भाषेची सक्ती नको म्हणत सोवेटोची पोरं रस्त्यावर आली,
काही घरी परतली नाहीत.
प्रिटोरियात नाटकाची तालीम
ठरल्याप्रमाणे सहाला सुरू झाली.
मी पार्लला चौथीच्या वर्गाला शिकवत होते.
आठवडाभर घरातसुद्धा इंग्रजी बोलले.
सातव्या रात्री झोपेत आईला हाक मारली
ती ह्याच भाषेत.
काय करणार?
त्यांच्या व्यासपीठावर चढण्याआधी
ती आमच्या चुलीपाशी रांगत होती.

अठ्ठ्याऐंशीत आम्ही केलं. शाळेच्या हॉलमध्ये.
परवानगी मागितली नाही, मानधन दिलं नाही,
दरवाज्याच्या जागी घोंगडी.
अकरावं पात्र, फळांच्या कारखान्यातली ड्योलीन फोर्टेन,
सुट्टी न मिळाल्यानं थेट पाळीवरून आली,
हातांना जर्दाळूचा वास.
म्हणाली, “कुणी नाही, नोई,”
आणि जागची हललीच नाही.
कुणी हसलं नाही.
मालकीणबाई झालेल्या शेजारणीला पुढचं आठवेना.
मी विंगेतून पुरवलं. दोनदा.

परवाच्या मे महिन्यात केपटाउनला पुन्हा लागलं.
दिग्दर्शिका पोरगेली, डोकं भादरलेलं.
फोन करून विचारलं तिनं,
त्या मुलीला तुमच्या आईचं नाव देऊ?
नको म्हटलं.
आईला न विचारता तिचं काही घेतलेलं आवडायचं नाही.

तिकिटं मात्र मी दोन काढली.
शेजारच्या खुर्चीवर माझा कोट.
दुसरा अंक. “कोण आहे तिकडे?”
तेवढ्यात उशिरा आलेल्या कुणाला घेऊन
टॉर्चवाला पोरगा वाकला,
मावशी, इथं कुणी आहे का?

आहे, म्हटलं.
कोट उचलला नाही.
स्टेजवरच्या मुलीनं
अजून तोंड उघडलं नव्हतं.