तारेचं वेटोळं

पात्रांव सायकल चालवायचे,
मी मागे, पिशवी मांडीवर घेऊन:
चाव्या, लोकरीचे बोळे, चिमटे, तारेचं वेटोळं.
त्रेसष्ट साल. मडगावाहून राय, कुडतरी, लोटली.
मोठ्या घरांतली माणसं लिस्बनला गेलेली,
मागे उरलेली एकेक म्हातारी, एकेक पियानो,
आणि दोघांनाही नदीकडची दमट हवा बाधलेली.
आई म्हणायची, त्या पियानोवाल्याकडे काय शिकणार तू?
मी म्हणायचो, ऐकायला.

बोलणं हळू. नखं कापलेली.
वाटेत मुंग्यांची रांग दिसली की सायकल उचलून न्यायचे.
काम सुरू करताना गुडघ्यावर काटा आपटायचे,
दोन दातांचा, पोलादी,
आणि दांडा टेकवायचे माझ्या कानामागच्या हाडावर.
"हवा फसवते, बाबू. हाड फसवत नाही."
कवटीत गांधीलमाशी शिरल्यासारखं व्हायचं.
"तू सुरात आहेस," म्हणायचे,
आणि खिशातला अर्धा पाव मला द्यायचे.

रात्री त्यांना झोप नसे.
कुठल्यातरी घरात एक तार उतरलीय म्हणत,
चार मैलांवरून ऐकू येतेय, कण्हतेय.
मी हसलो एकदा.
त्यांनी कंदील माझ्या तोंडाजवळ धरला, बराच वेळ,
विकत घ्यायच्या बैलाचे दात बघावेत तसा.

लोटलीला दोना एर्मेलिंडा.
काजूचे दिवस, सगळ्या गावाला बोंडांचा आंबूस वास.
तिनं मला बशीत बिबिंक दिली, नाव विचारलं, आईचं विचारलं.
बोलताना तिचा गळा थरथरायचा,
सुरकुत्यांखाली काहीतरी हलायचं.
पात्रांव डोळे मिटून ऐकत होते.
पियानो अजून उघडलाही नव्हता.

मग मला म्हणाले, हात पसर.
तार माझ्यावरच मापायचे ते,
या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत.
भिंतीवर खिळलेल्या येशूसमोर मी तसाच उभा.
कट्.
"आता बाहेर बस. कुत्र्यापाशी."

बल्कांवात बसून मी कुत्र्याच्या गोचिडी काढल्या.
अकरा.
आत एकच पट्टी वाजत राहिली, तीच, तीच,
तीच,
मग थांबली.
मग सबंध पियानो, वरपासून खालपर्यंत, एकदाच.
इतकं स्वच्छ मी जन्मात काही ऐकलं नव्हतं.
कुत्रं उठलं आणि अंगणापलीकडे जाऊन बसलं.

परतताना मी विचारलं नाही.
झाकण मीच उघडलं होतं, आत मीच वाकून बघितलं होतं:
एकही तार तुटलेली नव्हती.

नंतर राय. नंतर कुडतरीच्या दोघी बहिणी,
तिथं मी दोनदा हात पसरले.

फौजदार नवा, बेळगावकडचा.
मराठी बोलणारं पोर भेटलं म्हणून खूश झाला,
पेपरमिंट दिलं. "काय रे, काही ऐकलंस का?"
ऐकायलाच तर ठेवलं होतं मला.
"कुत्र्याशी खेळत होतो," म्हणालो.
गोचिडींचा आकडाही सांगितला.
त्यानं तो लिहून घेतला.

पुढच्या वर्षी, ख्रिस्तांवांच्या उपासाच्या दिवसांत,
पात्रांव नाहीसे झाले.
कुणी म्हणे मोझांबिक, कुणी म्हणे झुवारी.
सायकल बोरीच्या धक्क्यावर, भिंतीला नीट टेकवलेली,
चाकाखाली दगड लावलेला.
काटा माझ्याकडे राहिला. दिला की विसरले,
मी ठरवलेलं नाही.

आता फोंड्यात घर आहे. बायको, मुलगा, सून, नातू.
काल नातवानं खालचा खण उपसला.
"आजोबा, हे काय?"
चमचा, म्हटलं. तुटका.
त्यानं टेबलावर आपटला.

घर गप्प झालं, फ्रिजसुद्धा.
आणि स्वयंपाकघरातून बायकोनं हाक मारली,
जेवायला या म्हणून,
बावन्न वर्षं मारते तीच,
काल मात्र केसभर उतरलेली.

ठेव तो, म्हटलं नातवाला.
ठेव म्हटलं ना.
आणि आजीला सांग, थोडा वेळ
बोलू नकोस.