तिखट किती

नऊ वर्षं या दारात टपाल टाकलं.
वास पाठ झालेला, चव ठाऊक नाही.
निवृत्तीनंतरचा पहिला मंगळवार:
एल्मर हाउगेन बूट झटकून आत येतो,
हात रिकामे, कुठे ठेवावेत कळत नाही.

मालीवान विचारते, तिखट किती? एक ते पाच?
डुलूथच्या बर्फात हयात गेलेला,
मिरीलाही बिचकणारा माणूस
तीन म्हणतो. उगाच.

पहिल्याच घासाला कान तापतात,
नाक वाहतं, चष्मा आंधळा.
ती न विचारता काकडी आणून ठेवते,
मग समोरची खुर्ची ओढते.
"आईची पत्रं यायची, उबोनहून. निळी पाकिटं."
"हो," तो म्हणतो. "दोन हिवाळे झाले."

वाडग्यात गवती चहाची काडी.
ती चावायची नसते.
तो चावत राहतो.